समोरची काच घासा, खडकांना हात लावू नका

पत्र

नमस्कार. माझा मुलगा ऑगस्टमध्ये शिकायला दुसऱ्या राज्यात गेला आणि त्याचा ७५ गॅलनचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचं मत्स्यालय, माझ्याकडे आला. साडेतीन वर्षं त्याने तो जिवापाड जपलाय. गेल्या दोन महिन्यांत समोरची काच जांभळट-गुलाबी कवचाने भरून गेली आहे. चुंबकाच्या घासणीने ते निघत नाही. आमच्या ह्यांनी तारेची घासणी घेऊन एक कोपरा घासून पाहिला, तर मुलगा फोनवर रडकुंडीला आला. म्हणतो, आई, ते चांगलं शेवाळ आहे, यायला दोन वर्षं लागलीत. दिवाळीत पाहुणे येणार म्हणून मी दिवे ६० टक्क्यांवरून १०० वर केले होते, ते तसेच राहिले. आता वरच्या खडकांवर पांढरे चट्टे पडलेत. घाबरून मी रोजच्या दोन बाटल्यांतलं द्रावण दुप्पट घातलं, एकापाठोपाठ एक. पाणी दुधासारखं झालं, दुसऱ्या दिवशी निवळलं, पण तेव्हापासून मोठा पंप घरघरतोय. दुकानात म्हणाले, अर्चिन (तो काटेरी, गोल समुद्री जीव) घ्या, तो हे खातो. काल मोजलं: अल्कलिनिटी ६.४, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १२९०, फॉस्फेट ०.०४. मुलाच्या वहीत अल्कलिनिटी ८.५ च्या आसपास असायची. हे शेवाळ काढू की ठेवू? मी त्याचा टँक बिघडवला का?

वृंदा, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर

वृंदाताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लिहिताना तुमचा हात जड झाला असणार. टँक बिघडलेला नाही. साडेतीन वर्षं मुरलेला, फॉस्फेट इतकं कमी असलेला टँक एका दिवसाच्या चुकीने मोडत नाही. तुमच्याकडे तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून सगळं एकदम अंगावर आलं. त्या सुट्या केल्या की प्रत्येकीवर घरच्या घरी करण्यासारखा उपाय आहे.

काढू की ठेवू, हे ते कुठे वाढलंय त्यावर ठरतं. समोरच्या काचेवरचं आणि पंपावरचं काढायचं. खडकांवरचं आणि मागच्या काचेवरचं राहू द्यायचं. पण घासायला आज बसू नका. आधी दिवे, मग पाणी, मग पंप आणि सर्वांत शेवटी काच.

तुमच्या वर्णनावरून हे कोरलाइन शेवाळच आहे, तरी एकदा नखाने खरवडून बघा. लालसर-जांभळा असा आणखी एक थर रीफ टँकमध्ये येतो, सायनोबॅक्टेरियाचा. तो दुधावरच्या सायीसारखा असतो, नळीने ओढला की पत्राच्या पत्रा उचलला जातो. कोरलाइनवर नख मोडेल, पण ते सुटणार नाही. काचेवर ते आधी टिकलीएवढा गोल ठिपका म्हणून दिसतं. ठिपक्याला बाहेरून फिकट कड असते, ती वाढती कड. असे ठिपके पसरत पसरत एकमेकांना भिडतात आणि काच भरते. हे लाल शेवाळांच्या कुळातलं आहे आणि आपल्या पेशींच्या भिंतींत ते कॅल्शियम कार्बोनेट भरतं, म्हणजे चुनखडीच, थोडं मॅग्नेशियम मिसळलेली. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो क्षार चढतो, त्याच जातीचा पदार्थ, फक्त इथे तो जिवंत शेवाळाने घडवलेला. ते इतकं दगडासारखं दिसतं की सजीवांचं वर्गीकरण मांडणाऱ्या लिनिअसने या कुळातल्या शेवाळांना प्राण्यांत गणलं होतं. १८३७ मध्ये फिलिपी या जर्मन अभ्यासकाने त्यांना वनस्पतींत आणलं.

मी मालवणची. ओहोटीला राजकोटच्या बाजूचे खडक उघडे पडले की खळग्यांतल्या पाण्यात दगडांवर हाच रंग दिसायचा, कुणी अळिता फासून गेल्यासारखा. सात-आठ वर्षांची असताना असा एक दगड मी बादलीत घालून घरी आणला. बादलीत समुद्राचंच पाणी होतं. संध्याकाळपर्यंत तो गुलाबी होता. दुसऱ्या दिवशी बादली अंगणात उन्हात राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दगड पांढराफटक, चुना लावल्यासारखा. आजी म्हणाली, "जीव गेलो गो त्याचो." दगडाला जीव होता हे मला तेव्हा कळलं. (आज मी तो दगड उचलणार नाही. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. इथे भारतात हे सदर वाचून कुणाच्या मनात रीफ टँक आला असेल तर त्यांनीही लक्षात घ्यावं, की प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून खडक आणून टँक सजवायचा विचार करू नका.)

तुमचे पांढरे चट्टे म्हणजे माझ्या त्या बादलीतल्या दगडाचीच गोष्ट आहे, पण बरीच सौम्य. कोरलाइनचा गुलाबी रंग ज्या रंगद्रव्याचा असतो, ते निळा-हिरवा प्रकाश टिपतं, तोच प्रकाश जो पाण्यात खोलवर पोचतो. म्हणून या शेवाळाला अंधूक जागा मानवते. खडकाच्या पोटाखाली, मागच्या काचेवर ते बघा कसं दाट असतं. दिवे एका दिवसात ६० वरून १०० वर गेले आणि वरच्या खडकांवरच्या थराला ते सोसलं नाही. चट्टे फक्त वरच्या खडकांवर आहेत हाच याचा पुरावा. दोष नुसता पाण्याचा असता तर खालचे खडकही पांढरे पडले असते. दिवे आजच्या आज ६० वर आणा. वरच्या बाजूचे प्रवाळ फिके पडलेत का तेही बघा, कारण त्यांनाही हा प्रकाश अचानक मिळाला आहे. पांढरा भाग खरवडू नका, त्यावर काही टाकू नका. काही आठवड्यांनी कडेने गुलाबी रेघ आत सरकताना दिसेल. मधल्या काळात तो भाग हिरवट झाला तर तिथे दुसरं शेवाळ येऊन बसलंय असं समजा. ते गोगलगाई खातात.

आता पाणी. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा अल्कलिनिटीचा ६.४ हा आहे, आणि तुमची नजर बहुधा कॅल्शियमच्या ४३० वर अडली असेल. कॅल्शियम ठीक दिसतंय, मग चूक कुठे? चुनखडी तयार होताना अल्कलिनिटी (म्हणजे ढोबळमानाने पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटचं माप) आणि कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. अल्कलिनिटी १ डीकेएचने (हे तिचं एकक) उतरते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅमने उतरतं. ८.५ वरून ६.४ म्हणजे २.१ ची घसरण, म्हणजे कॅल्शियममध्ये फक्त १५ मिलिग्रॅमचा फरक. घरच्या टेस्ट किटला ४४५ आणि ४३० यांतला फरक नीट दाखवता येत नाही. घरात गव्हाचं पोतं भरलेलं असावं आणि मिठाचा डबा रिकामा व्हावा, तसं आहे हे. म्हणून रीफ टँकवाले रोज अल्कलिनिटी बघतात आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदा.

अल्कलिनिटी उतरली दोन कारणांनी. एक, चार फुटी काचेवर एवढं शेवाळ वाढतंय, ते रोज खातंय. दुसरं, ते दूध. त्या दोन बाटल्यांपैकी एकीत कॅल्शियम असतं आणि दुसरीत कार्बोनेट. दोन्ही दाट अवस्थेत एकाच जागी भेटली की पाण्यातच चुनखडीचा भुगा तयार होतो. तुम्ही घातलेलं बरंचसं त्या भुग्यात गेलं, शिवाय पाण्यात आधी होतं त्यातलंही थोडं घेऊन गेलं. दुप्पट घालूनही आकडा खाली आला तो यामुळे. तो भुगा पंपाच्या गरम भागावर जाऊन बसला, घरघर त्याचीच.

उद्यापासून असं करा. दोन्ही बाटल्यांचं प्रमाण मुलाच्या वहीत आहे तेवढंच ठेवा. दोन्हींमध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर, आणि दोन्ही जोरदार प्रवाहाच्या जागी घाला. त्याशिवाय रोज ४ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे चहाचा सपाट चमचा जरा कमीच, अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) हळूहळू ओता. खाण्याचा सोडाच, बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात इतर पदार्थ असतात. संप धरून आणि खडकांनी व्यापलेली जागा वजा करून तुमच्याकडे साधारण २७० लिटर पाणी असेल, तेवढ्याला ४ ग्रॅमने अर्धा डीकेएच वाढतो. रोज ठरावीक वेळी, काहीही घालायच्या आधी मोजा आणि वहीत लिहा. दोन दिवसांत आकडा हललाच नाही तर रोजचा खर्च जास्त आहे असं समजा आणि सोडा ६ ग्रॅम करा. ८ च्या पुढे गेला की सोडा बंद. घाई करून एका दिवसात ६.४ चा ८.५ करू नका. प्रवाळांना कमी आकड्यापेक्षा अचानक उडी जास्त लागते.

खारेपणा दर हजारी ३५ आहे ना, तेही एकदा बघून घ्या. आणि तुमच्याकडे आता थंडी सुरू होईल, खिडक्या बंद राहतील, घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठेल आणि टँकचा पीएच थोडा खाली दिसेल. ७.९ दिसला तर बाटल्यांकडे धावू नका. दुपारी एखादी खिडकी तासभर उघडली तरी फरक पडतो.

पंप मात्र या आठवड्यातच काढा. टँकमध्ये पाणी फिरवणारा दुसरा छोटा पंप चालू ठेवा, म्हणजे माशांना प्राणवायू कमी पडणार नाही. मोठ्या पंपाचा प्लग काढा, तो बादलीत घ्या आणि साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात बुडवा. आपल्याकडे शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर बारीक फेस येतो आणि पांढरा डाग उठतो, आठवतंय? फरशी चुनखडीची, रस आम्लाचा. तुमच्या बादलीत तेच होईल. आधी बारीक बुडबुड्यांची रांग दिसेल, मग गुलाबी कवच मऊ पडेल आणि तासाभरात जुन्या टूथब्रशने निघेल. आतलं फिरतं चुंबकी पातं आणि त्याची दांडी बाहेर काढून वेगळी घासा, खरा अडथळा तिथेच असतो. थर जाड असेल तर व्हिनेगरऐवजी लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्व घाला, काम लवकर होतं. मग दोन-तीन साध्या पाण्यांनी धुऊन परत बसवा. हीटरही असाच धुता येतो, पण आधी बंद करून २० मिनिटं पाण्यातच गार होऊ द्या, नाहीतर त्याची काच तडकते. एक गोष्ट कृपा करून पाळा: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

आता काच. अल्कलिनिटी तीन-चार दिवस ८ च्या आसपास स्थिर राहिली की हे काम करा. तारेची घासणी कायमची स्वयंपाकघरात. तिचे बारीक तुकडे सुटतात, खाऱ्या पाण्यात गंजतात, आणि तिला भांड्यांचा साबण लागलेला असतो तो वेगळाच. लांब दांडीचा, ब्लेड लावलेला स्क्रेपर आणा. ब्लेड कोरं हवं. काचेला तिरकं टेकवायचं आणि वरून खाली एका दमात ओढायचं. कवच आधी करकरतं, मग बोटभर रुंदीच्या पापुद्र्यांत सुटून खाली गिरक्या घेत जातं, आणि मागे एकदम स्वच्छ पट्टा उघडतो. पहिला पट्टा निघाला की तुम्हाला बाकीची काच घासायचा कंटाळा येणार नाही, मी खात्रीने सांगते.

दोन जागी थांबायचं. वाळूच्या वर दोन इंच आलात की ब्लेड बाजूला ठेवा आणि जुनं प्लास्टिक कार्ड घ्या, कारण ब्लेडखाली वाळूचा एक कण आला तरी काचेवर कायमची रेघ उठते. आणि दोन काचा जिथे जुळतात त्या कोपऱ्यांत ब्लेड नेऊच नका. मी हे स्वतः भोगलंय. बहारीनला असताना माझ्या पहिल्या टँकच्या कोपऱ्यातलं गुलाबी कवच मला खुपत होतं, म्हणून ब्लेडचं टोक सिलिकॉनच्या पट्टीत घातलं. रात्री काहीच झालं नाही. पहाटे पाणी प्यायला उठले तर पाय ओल्या गालिच्यावर पडला. मासे बादल्यांत ठेवून दोन दिवस काढले. त्यातले दोन गेले, आणि ते माझ्या त्या हट्टामुळे गेले. कोपऱ्यातलं कवच राहू दे. ते दिसलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पाणी संपकडे जातं ती ओव्हरफ्लोची पेटी प्लास्टिकची असेल, तिलाही फक्त कार्डच लावा.

घासताना प्रवाह बंद ठेवा म्हणजे पापुद्रे खाली बसतील, ते नळीने ओढून घ्या. प्रवाळांवर पडलेले पिचकारीने उडवा. खडकांच्या फटींत काही गेले तर जाऊ द्या, त्यांतून तिथे नवं वाढू शकतं. काच एकदा लख्ख झाली की मग दर आठवड्याला एकदा, ठिपके टिकलीएवढे असतानाच फिरवायचं. ब्लेड बसवलेली चुंबकी घासणी मिळते, पाच मिनिटांचं काम आहे. दोन महिने सोडलं की पुन्हा आजच्यासारखं.

आणि हे फार कमी लोक सांगतात: काच घासल्यावर खाणारं तोंड कमी होतं. त्या चार बाय पावणेदोन फुटांवरचं शेवाळ रोज जेवढी अल्कलिनिटी उचलत होतं, तेवढी आता शिल्लक राहणार. तुम्ही जुन्याच मात्रेने घालत राहिलात तर आकडा ९, ९.५, १० असा चढेल आणि तुम्हाला वाटेल किट बिघडलं. म्हणून घासल्यानंतरचा आठवडाभर रोज मोजा आणि आकडा चढायला लागला की दोन्ही बाटल्या सारख्याच प्रमाणात कमी करा.

अर्चिन घेऊ नका. तो कोरलाइन खातो हे खरं आहे. त्याच्या तोंडात पाच दातांचं एक यंत्र असतं, त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात, आणि त्याने तो दगड खरवडतो. पण तुम्हाला हवी ती काच तो निवडणार नाही. तो खडकांवर फिरेल, तुमच्या मुलाने दोन वर्षं वाट पाहून आणलेल्या थरावर पांढरे पट्टे ओढेल, वाटेतले नीट न चिकटवलेले प्रवाळ डोक्यावर घेऊन हिंडेल. मालक घरी नसताना असा पाहुणा आणायचा नाही.

मुलगा रडकुंडीला का आला तेही सांगते, कारण तो फोनवर नीट सांगू शकला नसेल. नव्या टँकमध्ये खडक आधी करडे असतात, मग तपकिरी, मग हिरवे, मग केसांसारख्या शेवाळाने भरतात, आणि त्या काळात बरेच जण टँक विकून टाकतात. आकडे महिनोन्‌महिने एका जागी ठेवता आले तरच गुलाबी रंग पसरतो. त्या रंगात त्याचे शाळेनंतरचे सगळे तास आहेत. खऱ्या समुद्रातही त्याचं काम मोठं आहे. पॅसिफिकमधल्या अनेक बेटांभोवती लाटा सर्वांत जोराने आदळतात तिथली रीफची कड बहुतांशी याच शेवाळाने बांधलेली असते, सुटे तुकडे एकमेकांना सांधून. कित्येक प्रवाळांच्या अळ्या बूड टेकायला जागा शोधताना याच कवचाच्या आणि त्यावरच्या जिवाणूंच्या रासायनिक खुणेवर उतरतात. तुमच्या टँकमध्ये ते खडकावरची जागा धरून ठेवतं आणि वरचा पातळ पापुद्रा अधूनमधून टाकून देतं, म्हणून त्यावर नकोसं शेवाळ सहज रुजत नाही.

दहा दिवसांचे अल्कलिनिटीचे आकडे झाले की मला पाठवा, आणि वरच्या खडकाचा एक फोटो, दिवे ६० वर असताना काढलेला. वहीचं पान मुलालाही पाठवा, त्याला तुमच्या अक्षरातले आकडे बघून धीर येईल. ख्रिसमसच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हा समोरची काच आदल्या दिवशी घासून ठेवा. मागच्या काचेला तोपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. चार महिन्यांत ती किती भरली, हे त्याला आल्या आल्या बघायचं असणार.